दादांनी बिघडली म्हणून ठेवून घेतलेली कॅसेट

रविवार, १२ तारीख. कपडे धुतले. पंख्याची पाती पुसली. दुपारी सकाळचंच जेवलो.

ती. दादांस सप्रेम नमस्कार. गुडघा जिना चढू देतो का? माझं बरं चाललंय. (लेक फोनवर विचारते तेव्हाही हेच सांगतो. तिला पटत नाही, निदान तुम्ही पटवून घ्या.)

पत्रास कारण, या वयात मी चोर ठरलो आहे. तुम्ही रेडिओवरून उतरवून दिलेलं तुमच्या बहिणीचं गाणं लेकीने नातेवाइकांसाठी इंटरनेटवर चढवलं. (तिचं गाणं म्हणजे कोरस. मागच्या सहाजणींतली एक, नाव कुठेच नाही.) चहा गाळून होईतो कंपनीचा निरोप हजर: गाणं आमच्या मालकीचं, कलाकारांच्या हक्करक्षणासाठी काढून टाकलं आहे. मी कळवलं, कलाकार आमच्याच घरची. त्यांनी विचारलं, तुमचा हक्क कोणत्या नात्याने? मी लिहिलं, नवरा. त्यांच्याकडे तसा रकानाच नव्हता. तिला त्या एका दिवसाचा मेहनताना मिळाला, पुढे काही नाही. गाणं मात्र अजून कमावतंय. मी कुरकुरलो की ती म्हणायची, "लेक एकदा दिली की तिच्या पगाराची चौकशी करू नये."

पण खरं सांगू? त्या गाण्यात मला ती सापडतच नाही. सहा गळे एकजीव. लेक विचारते, "यातली आई कुठली?" मी "ही काय!" म्हणून अंदाजाने बोट वर करतो. पोरगी लगेच डोळे पुसते, त्यामुळे आता मागेही फिरता येत नाही.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला जपा.

ता. क. तुमची पहिली कॅसेट आठवते? रेडिओपुढे टेपरेकॉर्डर, पंखा बंद, आम्ही सगळे श्वास रोखून, तुमची बोटं रेकॉर्डिंगच्या दोन्ही बटणांवर, आणि ऐन कडव्यात ती ओरडली, "दादा, ही मी! आता वर गेली ना, ती मी!" तुम्ही म्हणालात, "बये, वाट लावलीस!" पुढे गाणं परत लागलं तेव्हा तिला दुकानात पिटाळून तुम्ही स्वच्छ कॅसेट उतरवलीत आणि तीच आम्हाला दिलीत. बिघडलेली अजून असेल तर पाठवा. त्या ओरडण्यावर कोणत्याही कंपनीचा हक्क पोचत नाही.

आणखी एक. पुसली असेल, तर तसं कळवू नका. 'शोधतोय' एवढंच लिहीत जा.

पाकीट उडतंय. पंखा बंद करून चिकटवतो.