पाठीवर लव असलेलं फूल

अव्वा,

तू दाखवलेलं ते पिवळं फूल आज इतक्या वर्षांनी परत बघितलं. बघितलं म्हणायचं, सून ओटीत घालून आणीपर्यंत त्याचा चोथा झाला होता. अळणावर गावच्या माळावर तिला गवतासारखी पानं दिसली, उपटली तर खाली सुपारीएवढे गड्डे. लढाईपायी रेशनचं धान्य आलेलं नाही, माझा लेक हुबळीला गिरणीत, आणि पोरं पेजेच्या पाण्यावर. सून म्हणाली, "अत्ती, तुम्ही लहानपणी खाल्लेले ते हेच नव्हं?"

त्या दुष्काळात तू मला माळावर बसवून फूल उलटं केलं होतंस. म्हणालीस, "पुढनं सगळीच शहाणी दिसतात. पाठ बघ. लव असली तर चुलीवर, नसली तर मसणात." आज पाठ बघायला गेले तर फूल बोटालाच चिकटलं. डोळ्यांचं तर विचारू नको. नातीला म्हटलं, तू बघ. ती लगेच म्हणते, "आहे की लव, आजी." भुकेल्या पोरीला दगडावरही लव दिसते.

मग तुझीच रीत केली. घरातल्या म्हातारीनं एक गड्डा उकडून खायचा, दिवेलागणीपर्यंत बाकीच्यांनी भांड्याला हात लावायचा नाही. तेव्हा आम्ही नातवंडं तुझ्या तोंडाकडं बघत अंगणात बसलेलो, आणि तू भांडी घासत आमच्यावरच ओरडतेस, "मी काय तमाशा आहे? शेण गोळा करा जा." वाईट गड्डा लगेच कळत नाही, पोटात उतरून मग धरतो, हे तुला ठाऊक होतं. तरी तू भांडी घासतच राहिलीस.

मी कागद घेऊन बसलेय. सकाळी खाल्लाय, आता ऊन उंबऱ्यावर आलंय. पोटात मुरडतंय, ते भीतीनं की गड्ड्यानं, सांगायला तू नाहीस. सून परत परत विचारते, "अत्ती, कसं वाटतंय?" मी म्हटलं, "तुझ्या स्वयंपाकापेक्षा बरं." ती हसली नाही. पोरं मडक्याजवळनं हलत नाहीत.

हा कागद तुला कोण पोचवणार, चुलीतच जाईल. म्हणून लिहिते. सून आधी स्वतः खायला निघाली होती. ती गेली तर या पोरांना कोण बघणार? मी तिच्या हातातनं गड्डा ओढून घेतला आणि म्हटलं, लव मला चांगली दिसली, भिऊ नको. मला काहीच दिसलं नव्हतं.