साहेबांच्या ड्रॉवरमधलं मशीन

हुपरी, मंगळवार रात्र, १९८४

राजारामपुरीतली मुलाखत बिघडली बहुतेक. नोकरी कॅलक्युलेटर विकायची. साहेबांनी एक मशीन माझ्यापुढं सरकवलं, "हे मला विका." मी गुण सांगितले नाहीत, किंमतही नाही. आम्ही घरी घडवलेले चांदीचे पैंजण दुकानदारांकडं विकायला ठेवतो तसं बोलून गेलो, "आठ दिवस ठेवून घ्या, वापरा, मग बोलू."

साहेब हसलेसुद्धा नाहीत. मशीन ड्रॉवरमध्ये टाकलं. "कळवू."

तो ड्रॉवर डोळ्यांपुढून हलत नाही. असं कोण बोलतं मुलाखतीत?

जेवताना आबांना सांगितलं.

"मशीन परत दिलं का त्यांनी?"

"न्हाय."

"मग इकलंस की. ठेवून घेतलेला माल कुणी परत केलाय व्हय?"

केलाय. गेल्या दिवाळीत पैंजणांची अख्खी पेटी परत आली होती. आबांनीच उतरवून घेतली होती.