आवाज न करणारी गाडी

आलापल्ली,
९ नोव्हेंबर २००९

चि. रुपालीस,

बापूजीचे आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार सांग. पुण्यात थंडी पडली असेल, कानाला बांधत जा. इकडे आम्ही दोघं ठीक. धान कापणीला आलं आहे. तुझ्या आईचा गुडघा होता तसाच आहे.

गाडीची किंमत मी सगळ्यांना पाच ऐंशी सांगतो. तुला खरी सांगतो. पाच लाख ऐंशी हजार गाडीच्या जुन्या मालकाला, नागपूरच्या एका प्रोफेसरला दिले. वर नागपूरच्या दोन खेपा, लॉजचं भाडं, लॉजमधल्या ढेकणांनी खाल्लं ते वेगळं, नावावर करून घ्यायचे कागद, विमा आणि घरी आल्यावर तुझ्या आईचा आठ दिवसांचा अबोला. तो सगळ्यात महाग पडला, कारण ते आठ दिवस भाजीत मीठच नव्हतं.

एवढा खर्च कशाला, असं तू विचारशील. सातव्या महिन्यात तुला बाळंतपणाला इकडे आणायचं आहे. ते काय ट्रकच्या केबिनमध्ये बसवून? बल्लारशा स्टेशनपासून आपल्या घरापर्यंतचा रस्ता तुला माहीत आहे. आष्टीच्या पुढे रस्ता कमी आणि खड्डे जास्त. पेपरात जाहिरात दिसली, जपानी गाडी, हायब्रीड, एका मालकाने वापरलेली. पेट्रोलवर चालते आणि बॅटरीवरही. हळू चालवली की इंजिन आपोआप बंद होतं आणि गाडी नुसती बॅटरीवर सरकते. मोठ्या अक्षरात छापलं होतं, ‘आवाज न करणारी गाडी’. मी तिथेच ठरवलं. तुझ्या आईला सांगितलं तर म्हणते, "हायब्रीड टमाटरले चव नसते, गाडीले काय असन?"

इसरू मिस्त्री सोबत येतो म्हणत होता. मी नेला नाही. आपले कान असताना दुसऱ्याचे कान कशाला न्यायचे? आरागिरणीत लाकूड ढकलायला लागलो, तिथून सागवानाच्या ट्रकवर क्लीनर झालो, मग ड्रायव्हर, आज स्वतःचं स्पेअर पार्टचं दुकान आणि दोन ट्रक. हे सगळं या दोन कानांनी कमावलं. अजूनही एटापल्लीपासून लोक येतात, "धनराजभाऊ, गाडी घ्याची आहे, जरासा कान लावा ना." मी स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवतो, मूठ कानाला लावतो आणि कोणता पार्ट किती दिवसांचा पाहुणा आहे ते सांगतो.

प्रोफेसर रिटायर झालेला, मवाळ माणूस. तोंडातल्या तोंडात बोलतो. आजकाल सगळेच तसे बोलतात. शब्द ओठाबाहेर काढायला पैसे पडतात की काय, देव जाणे. त्याने गाडी सुरू केली, मी कान लावला. काहीच नाही, नुसती थरथर. मग व्हरांड्यात बसलो. भाव करताना जो आधी बोलतो तो हरतो, हे धंद्यातलं गुपित तुला सांगून ठेवतो. मी गप्प बसलो. प्रोफेसर बोलत होता, हातवारे करत होता, गाडीच्या मागच्या बाजूला बोट दाखवत होता. मी मान हलवली आणि तोंड वाकडं ठेवलं. त्याने कागदावर सात लाख लिहिले. मी गप्प. ते खोडून साडेसहा लिहिले आणि पुन्हा काहीतरी पुटपुटला. मी बागेतल्या जास्वंदीकडे पाहत बसलो. शेवटी पाच ऐंशी. एक शब्द न बोलता एक लाख वीस हजार उतरवले. सांग तुझ्या कंपनीतल्या साहेबांना.

येताना मूल, चामोर्शी, आष्टी, ज्या गावातून गेलो तिथे लोक वळून वळून पाहत होते. एका टपरीवरचे तर हातातला चहा ठेवून उठले. अशी शांत गाडी या रस्त्याने कधी गेलीच नसेल. दारात येऊन उभी राहते तरी एक कुत्रं भुंकत नाही.

दिवाळीला फोन केलास ते बरं केलंस. लाइन खराब होती. पुण्याहून कधी निघतेस ते पत्राने कळव. फोनवर नको.

तुझा
बापूजी


आलापल्ली,
१ डिसेंबर २००९

चि. रुपालीस,

आशीर्वाद. सगळं क्षेम आहे, पण माझं डोकं ठिकाणावर नाही.

तू येत नाहीस, असं आईने सांगितलं. बाळंतपण पुण्यालाच करणार म्हणे. कारण विचारलं तर ती पदर खोचून कामाला लागते. परवा तुमचं दोघींचं अर्धा तास फोनवर चाललं होतं. मी समोर खाटेवर बसलेलो. तिने एकदा फोन माझ्याकडे केला, मी हात हलवून नको म्हटलं. दुकानात गिऱ्हाईक होतं. म्हणजे नव्हतं, पण येणार होतं.

पहिलं बाळंतपण माहेरी होतं. हे मी ठरवलेलं नाही, माझ्या बापानेही नाही. खोलीला चुना मारून घेतला आहे. अहेरीच्या डॉक्टरीणबाईंशी बोलून ठेवलं. गाडी घेतली ती माझ्या मिरवण्यासाठी नाही घेतली. आता तू येत नसशील तर मी तिच्यात काय लाकडं भरू?

इथे सगळ्यांनी मिळून मला वैताग आणायचं ठरवलेलं दिसतं. गिऱ्हाईक तोंड दुसरीकडे करून पार्ट मागतं, मी एक काढून देतो, ते दुसराच म्हणतं. दोष माझा! इसरू गाडीभोवती फिरतो, खाली वाकून पाहतो, मी काय झालं विचारलं की म्हणतो, "काई नाई सेठ, पाहून राह्यलो." मला त्याचा चेहरा आवडला नाही. जळत असेल.

आणि एक गंमत. मी कुठूनही, कधीही परत येवो, ओसरीत पाय टाकतो तेव्हा चहा कपात ओतलेला असतो. गरम, वाफेसकट. घड्याळ लावून आलो नाही, कोणाला सांगून गेलो नाही. "तुले कसं कळते?" विचारलं तर तुझी आई म्हणते, अंदाज. तीस वर्षांत कधी असा अंदाज नव्हता, आणि आवाज न करणारी गाडी घेतल्यावर बरा सुरू झाला.

तुझ्या लग्नावरून मी चार दिवस तोंड फुगवलं होतं, हे खरं आहे. मांडव सुटायच्या आत ते उतरलं होतं. पंगतीत जावईबापूंना जिलबीचा आग्रह मीच करत होतो, फोटो आहे. तेव्हा कारण दुसरं काही असेल तर स्पष्ट लिही. शाईने लिही, मोठ्या अक्षरात.

वाट पाहतो.

बापूजी


आलापल्ली,
१४ डिसेंबर २००९

चि. रुपाली,

तुझं पत्र परवा मिळालं. तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा मला ते खोटं वाटलं.

तू लिहितेस, दिवाळीच्या फोनवर तू मला विचारलंस, "बापूजी, तुमचा अजून राग आहे का?" आणि मी म्हणालो, हो, हो. मग तू विचारलंस, मी बाळंतपणाला येऊ नको का, आणि मी त्यावरही हो, हो म्हणून फोन आईकडे दिला. तेव्हापासून तू रडतेस, असं जावईबापूंनी खाली दोन ओळी लिहून कळवलं. त्यांचं अक्षर चांगलं आहे.

मी पत्र घेऊन सरळ चुलीपाशी गेलो. म्हटलं, पोरगी खोटं लिहायला लागली. मी असं बोलेन का? असं कोणी मला विचारलंच नाही. तुझी आई उठली आणि माझ्या मागे जाऊन उभी राहिली. मला वाटलं, डबा काढायला गेली. मी भाताच्या पातेल्याकडे पाहत उत्तराची वाट पाहत राहिलो. मग ती वळसा घालून पुढे आली, माझी हनुवटी धरून तोंड स्वतःकडे केलं, जसं तुझं लहानपणी नाक पुसायची तसं, आणि म्हणाली, "तुमच्या मांगं उभी राहून तुमचं नाव घेतलं जी. तीनदा घेतलं. मोठ्यानं."

रुपाली, तुझ्या आईने लग्नातल्या उखाण्यानंतर माझं नाव कधी घेतलेलं नाही. रेशनकार्डाच्या वेळी बाबूने नवऱ्याचं नाव विचारलं तर तिने शेजारणीला सांगायला लावलं. त्या बाईने जन्मात पहिल्यांदा साधं माझं नाव घेतलं, ते तीनदा घेतलं, आणि मी पातेल्याकडे पाहत होतो.

मी चिडलो. दुसरं काय करणार? म्हटलं, चुलीचा आवाज होता. ती म्हणाली, चूल विझली आहे.

आता लिहायला घेतलंच आहे तर सगळं लिहितो. मला माहीत होतं. सगळं नव्हे, पण माहीत होतं. दोन पावसाळ्यांपासून कानात एक घरघर आहे. आधी वाटायचं कुठेतरी ट्रक उभा आहे, इंजिन बंद करायला विसरले. नंतर कळलं, तो ट्रक माझ्याच डोक्यात उभा आहे. आरागिरणीत पात्यासमोर इतकी वर्षं काढली, ती घरघर सोबत आली असेल. समोरचा माणूस तोंडासमोर बोलला की ओठांवरून कळतं. फोनला ओठ नसतात. म्हणून मी हो, हो म्हणतो आणि आईकडे देतो. सगळ्यांनाच म्हणतो. टायरवाल्या एजंटलाही मागे हो, हो म्हणालो, त्याने दोन डझन ट्यूब पाठवल्या.

सांगितलं का नाही, असं विचारू नको. ज्याच्या कानाला भाव आहे त्याने कान गेले म्हणून दवंडी पिटायची का?

गाडीचं तुझ्या आईनेच सांगितलं, त्याच दमात. गाडीचा सायलेन्सर फुटलेला आहे. आजचा नाही, गाडी प्रोफेसरच्या अंगणात होती तेव्हापासूनचा. मी इसरूला बोलावून समोर उभा केला आणि म्हटलं, ओठ नीट हलवून बोल. बिचारा घाबरला. "सेठ, गाडी सुरू केली का भामरागडची बस आल्यासारखी वाटते. पण तुमी म्हणत होते आवाज नाई, तं आवाज आहे म्हननारा मी कोन?"

म्हणजे व्हरांड्यात प्रोफेसर तेच सांगत होता. जाहिरात दिल्यावर सायलेन्सर फुटला, पार्ट इथे मिळत नाही, म्हणून कमी करतो. मी तोंड वाकडं केलं, त्याला वाटलं माणूस कबूल नाही. त्याने आणखी कमी केले. तो माणूस प्रामाणिक निघाला आणि मी त्याला लुटून आलो, अशी बढाई महिनाभर मारत होतो. थरथर लागत होती, ती मी रस्त्याची धरली. घरघर ऐकू येत होती, ती माझी धरली. आणि चामोर्शीचे लोक गाडीचं रूप पाहायला उठले नव्हते.

चहाचंही कळलं. मी पेट्रोल पंपापाशी आलो की ती आधण ठेवते. चहा दुधासकट बरोबर वेळेत होतो म्हणे. मी विचारलं, मला का सांगितलं नाहीस? ती म्हणाली, "तुमी दुकानात बसनं सोडून देलं असतं. मंग दिवसभर माह्या मांगं."

काल एकजण जीप घेऊन कान लावायला आला. मी स्क्रूड्रायव्हर इसरूच्या हातात दिला. दुकानातले चार लोक पाहत होते. बरं वाटलं नाही, पण जीव गेला नाही.

आता कामाचं. मुंबईहून नवा सायलेन्सर यायला महिना लागेल, आणि बॅटरीच्या गाडीला वेल्डिंगची ठिणगी लावायला इसरू तयार नाही. तेव्हा तू यायचं ठरवलंस तर याच आवाजात यावं लागेल. गाडी दणके मात्र देत नाही, तेवढं मी अंगाने सांगू शकतो. जावईबापूंना बल्लारशापर्यंत सोबत आण. कानाचं मशीन घ्यायला चंद्रपूरला जायचं आहे, त्याचा भाव तू कर. मी यापुढे गप्प राहून काही घेणार नाही.

आणि येऊन समोर बस. जे विचारायचं ते माझ्याकडे तोंड करून विचार. त्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ असं आहे. राग नाही, आणि येऊ नको असं कधी म्हटलं नाही. हे लिहून देतो, खाली सही करतो.

धनराज,
म्हणजे तुझा बापूजी

ता. क. मी लिहिलं होतं, गाडी दारात उभी राहिली तरी एक कुत्रं भुंकत नाही. ते खरंच आहे. मी चौकाच्या वळणावर असतानाच सगळी कुत्री नाल्याकडे पळून गेलेली असतात.