हडळीचे घुंगरू

मंगळवार, ५ नोव्हेंबर २०२४

आज घुंगरू वाजले नाहीत.

दिवाळीची सुट्टी. अख्खं कल्याण मॉलमध्ये लोटलेलं. आमच्या भूतमहालाची रांग सरकत्या जिन्यापर्यंत गेलेली. दर्शना पाळण्याच्या खोलीतली हडळ. एक बॅच बाहेर पडली की तिने पाय दोनदा आपटायचा – छुम्‌ छुम्‌. म्हणजे 'ताई, मी ठीक आहे, पुढची सोड.' ही पद्धत माझी – दारावर बॅच सोडणारी मी. केतन सरांच्या नियमाने भुतांना बोलायची बंदी आहे ना! 'भूत बोललं की तिकीट फुकट गेलं.' ते मालक, ते काहीही बोलू शकतात.

तर बॅच हसत-किंचाळत बाहेर आली आणि आत सगळं गप्प. मी थांबले. अजून थांबले. मग टॉर्च घेऊन घुसले. दर्शना कोपऱ्यात, विग हातात, तोंडाचा पांढरा रंग गालावरून ओघळलेला. 'हात घातला, ताई.' कोणी? 'अंधारात काय दिसणार!'

मी दिवे लावायला लावले. रांगेचा आरडाओरडा, पैसे परत द्या वगैरे. सरांचे मेव्हणे संदेशभाऊ सगळ्यात आधी पोचले – मागच्या दाराची किल्ली त्यांच्याकडेच असते. आणि पहिलं काय विचारलं? मुलगी कशी आहे? छे! 'शो कोणी बंद केला?'

मी केला. परत करेन.

बुधवार, ६ नोव्हेंबर

सरांच्या केबिनमध्ये हजेरी. 'वैशाली, हॉरर हाऊस आहे हे. घाबरून लागतो एखाद्या गिऱ्हाइकाचा हात.'

म्हटलं, सर, घाबरलेला हात कसा असतो ते मला शिकवू नका. आमचा दगडू शवपेटीतून उठला की रोज लाथा खातो. पन्नाशीचा माणूस! शेवटी मी माझ्या मुलाचे क्रिकेटचे पॅड आणून त्याच्या पायांना बांधले. त्याने कधी तक्रार केली का? घाबरून लागलेलं त्यालाही कळतं, दर्शनालाही कळतं. हे ते नव्हतं.

मी मागितलं तरी काय? प्रत्येक खोलीत एक बटण. भुताने दाबलं की दिवा लागेल. बस्स. तर संदेशभाऊ मध्येच – 'मग भुतं बटणाशी खेळत बसतील. धंदा करायचाय की अनाथाश्रम काढायचाय?' सरांनी मान डोलावली. बायकोच्या भावापुढे सरांचं कधी चाललंय!

वर मलाच तंबी. टॉर्च घेऊन आत जायचं नाही. आणि दर्शनाने शो मोडला म्हणून तिला सोमवारपर्यंत घरी बसवायचं. माफी लिहून दिली तर ठेवू.

माफी! तिने! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. तोंडावर सांगितलं – ती लिहिणार नाही आणि मी लिहून घेणार नाही. 'मग तूही सोमवारपर्यंत विचार कर,' म्हणाले.

केला विचार. लिफ्टमध्येच झाला करून. नाही म्हणजे नाही.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

हडळीची खोली बंद ठेवली. रांगेतली पोरं विचारतात, हडळ कुठे गेली? म्हटलं, चिडलीय.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

दिवा गावात दर्शनाच्या घरी जाऊन आले. टँकर आलेला, ही हंडे घेऊन रांगेत. एक हंडा मी उचलला. तिची आई, शांताबाई, माझ्याकडे बघायला तयार नाहीत. 'भूत बनून पोट भरायचं, त्यात पण हे. सोड म्हनते मी ती नोकरी!'

दर्शनाला विचारलं, बटण बसवलं तर येशील? तिने माझ्याकडे असं पाहिलं की मीच लहान पोर. 'बटनाने काय होनार, ताई?'

राग आला तिचा. खरं लिहिते, खूप आला. मी हिच्यासाठी नोकरी पणाला लावलीय आणि ही साधं 'हो' म्हणेना!

शनिवार, ९ नोव्हेंबर

बटण बसलं. पाळण्याखाली, हाताशी येईल असं. आमचा वायरमन रत्नदीप भीत होता – 'सरांना कळलं तर?' म्हटलं, सांग, हडळीने धमकी दिली.

उद्या हडळ मी. सरांना कळवून टाकलं, मी सुट्टीवर, बदली म्हणून एजन्सीची नवीन मुलगी येतेय. रांगेवर माझ्या जागी रत्नदीप; खरं फक्त त्याला आणि दगडूला माहीत. विग घालून बघितला, डोकं नुसतं खाजतं. ही पोरगी आठ-आठ तास कशी घालत होती कोण जाणे. एखादं जरी गिऱ्हाईक हात घालायला आलं ना, त्याचा फोटो मॉलच्या दारावर लावते!

रविवार, १० नोव्हेंबर

हात आला. मी बटण दाबलं.

खोलीत गिऱ्हाईक कोणीच नव्हतं. बॅच केव्हाच बाहेर पडली होती. मागचं दार उघडं, आणि माझ्यासमोर संदेशभाऊ. किल्ली बोटात तशीच.

विग काढला तेव्हा कुठे त्यांनी मला ओळखलं. पळायला वळले तर दारात दगडू, पॅड बांधलेला, अख्खी चौकट अडवून. दिवा मी बंद केला नाही. पाय आपटले, जोरात, दोनदा नाही, थांबलेच नाही. रत्नदीपने रांग आत सोडली. सगळ्यांनी बघितलं. शेवटी केतन सरांनीही.

मग दर्शनाला फोन केला. सगळं ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, 'कळलं ना ताई, मी नाव का नाही घेतलं ते?'

'कळलं गं. उद्या पोलीस चौकीत जाऊन मी घेणार आहे.'

'एकटी नको जाऊ,' म्हणाली. 'मी येते.'