दोन कोरे कागद

नागपूर
४ सप्टेंबर २०२३

ती. सिंधूआत्यास,
मयुरीचा सविनय जयभीम. वि. वि.

फोन फक्त ताप, मयत आणि चुकलेली एसटी यांसाठीच करायचा हा तुझा हुकूम पाळते आहे, म्हणून पत्र.

आपल्या निंबदरीच्या पोलीस पाटलाचं प्रकरण मी घेतलं आहे. शेषरावभाऊंचा राजकुमार त्या जागेवर नेमला गेला. आपल्या वस्तीतल्या वंदनाचं म्हणणं, अर्ज मागवल्याची दवंडी तिथे झालीच नाही, तिला कळलं तेव्हा मुदत टळली होती. नेमणूक रद्द व्हावी म्हणून ती इथे न्यायाधिकरणात आली आहे. मी राजकुमारच्या बाजूने आहे. तू रागावशील. पण बाजू मांडायला दोघांनाही वकील लागतो, हे तूच शिकवलंस.

शिवाय ११ जानेवारीचा पंचनामा स्पष्ट आहे. दवंडी गावभर, आपल्या वस्तीसह, झाली असं त्यात लिहिलं आहे आणि पंच म्हणून पहिली सही तुझी. ती पाहिली आणि माझी शंकाच मिटली. आत्याने सही केली तिथे खोटं नसणार, असं मी शेषरावभाऊंना म्हटलंही. ते हसले. म्हणे, म्हणूनच तं पोरी तुह्याकडे आलो.

सुनावणी १२ ऑक्टोबरला आहे. त्याआधी तुझं प्रतिज्ञापत्र हवं. गुडघ्याला तेल लावतेस ना?

लोभ आहेच, तो तसाच राहो.
तुझी मयुरी

निंबदरी, पो. अमडापूर
९ सप्टेंबर २०२३

चि. मयुरीस,
आत्याचा मंगल आशीर्वाद.

गुडघा ठीक. पुढचं उभ्याने वाचू नकोस.

सही माझी आहे. वरचा मजकूर माझ्या डोळ्यांखालून गेलेला नाही. त्या दिवशी दुपारी मी लोणारला निघाले होते, माझ्या बहिणीचं, महामायेचं, दुखणं वाढलं होतं. एसटीची वाट पाहत असताना कचरू कोतवाल आला. म्हणे, बाई, सई करून ठेवा, डफडं मी सांजच्याले वाजवतो, तुम्ही तं गावात नसान. आपल्याकडे पंचनामे असेच होतात. सह्या आधी, मजकूर मागून. गाडी दिसत होती. मी सही केली. बत्तीस वर्षं मुलांना कोऱ्या कागदावर नाव घालू नका म्हणून सांगणारी मी.

तीन दिवसांनी परतले. डफडं वाजलं का, हे कुणालाही विचारलं नाही. ही दुसरी चूक.

आज वस्तीत घरोघर विचारलं. कुणीही ऐकलेलं नाही. कचरूला गाठलं. मान वर करेना. म्हणे, मले काऊन इचारता बाई, कागद तं भाऊच्या घरी गेले.

कागद म्हणाला, तोही अनेकवचनात. कारण मी दोन कागदांवर सही केली होती. एक बिघडला तर दुसरा असावा, म्हणे. एक तुझ्याजवळ आहे. दुसरा कुठे आहे?

प्रतिज्ञापत्र मिळणार नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
सिंधूआत्या

नागपूर
१६ सप्टेंबर २०२३

ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. अशील माझ्याशी काय बोलले ते तुला लिहिता येत नाही. मी त्यांना काय सांगितलं, एवढं लिहिते. त्या पंचनाम्यावर उभी राहून मी बोलणार नाही. निवाडा देणाऱ्याला आम्ही दाखवू तेवढंच दिसतं. खोटं आहे हे कळल्यावरही तो कागद पुढे केला, तर मी बाजू मांडत नाही, त्याच्या डोळ्यांवर हात ठेवते. त्यांनी कागद सोडला नाही, तर मी वकीलपत्र सोडेन.

तू आता साक्षीदार आहेस. काय सांगायचं, कुणाला सांगायचं, ते मला विचारू नकोस. लिहून दाखवूही नकोस. या विषयावर आपला पत्रव्यवहार इथे थांबतो.

दाराची आतली कडी दुरुस्त केलीस का?

दूर असले तरी तुझीच,
मयुरी

निंबदरी
२४ सप्टेंबर २०२३

चि. मयुरीस,
आशीर्वाद.

खटल्याबद्दल लिहीत नाही. गावाबद्दल लिहिते, त्याला बंदी नाही.

कचरूच्या घराला आठ दिवस कुलूप आहे. शेजारी म्हणतात, पाहुणपणाला गेला. कोणत्या गावाला, ते कुणाला ठाऊक नाही. डफडं मात्र ओट्यावरच्या खुंटीला नाही. दवंडी नसताना ते घेऊन कोण पाहुणपणाला जातं?

काल भरदुपारी शेषराव आले. कधी न आलेला माणूस ओट्यावर बसला, पाणी प्याला. गुडघ्याची चौकशी केली. म्हणे, बाई, पोरगी नागपुरात नाव काढून राह्यली, नजर लागू देऊ नका. उठताना विचारलं, आता तरी चष्मा लावूनच सह्या करता ना?

कडी दुरुस्त केली.

आठवण ठेव, काळजी नको.
सिंधूआत्या

नागपूर
३ ऑक्टोबर २०२३

ती. आत्यास,
सविनय जयभीम.

मीच घातलेली बंदी मोडते आहे. २५ तारखेला मी वकीलपत्र सोडलं. नवा वकील तोच पंचनामा पुढे करणार आहे.

दुसरा कागद सापडला. माझ्याविरुद्ध वकिलांच्या परिषदेकडे तक्रार गेली आहे. तक्रारदार तू आहेस. भाचीने माझ्यावर दबाव आणला, आपल्याच अशिलाला बुडवायला खोटी साक्ष मागितली, असं त्यात तू म्हणतेस. खाली तुझी सही. निळी शाई, शेवटी तीच सरळ रेघ.

परवा राजकुमारचा माणूस आला होता. म्हणे, बाई बारा तारखेले घरीच राह्यल्या, तं तक्रार परत घेऊ. तू बोललीस, तर ते म्हणतील, पाहा, भाचीने पढवलंच होतं. सनद गेली तर माझं इथलं सगळंच संपतं.

साक्षीदाराला येऊ नको म्हणणं मला जमणार नाही. ये असंही म्हणवत नाही.

काहीही झालं तरी तुझी,
मयुरी

निंबदरी
९ ऑक्टोबर २०२३

चि. मयुरीस,
आत्याचा आशीर्वाद, लागू पडला तर.

मी येते.

दोन्ही सह्या माझ्या, दोन्ही मजकूर माझे नाहीत, एवढंच सांगेन. विश्वास बसेल असं नाही. माझं नाव जाईल, त्याचं मला काही नाही. तुझं गेलं, तर ते माझ्या हातून गेलेलं असेल. त्याची माफी मागत नाही. तू ती दिली असतीस, आणि मग मला घरी बसणं सोपं झालं असतं. वंदनाला अर्जच करता आला नाही, तेही माझ्याच सहीमुळे.

जबाब लिहून वंदनाच्या वकिलाकडे रजिस्टर्ड पोस्टाने पाठवला. तुला दाखवत नाही.

आज सकाळी दार उघडलं, तर ओट्यावर कचरूचं डफडं होतं. कातडं सुरीने उभं फाडलेलं. कचरूचा पत्ता नाही. आत्ता समोरच्या लिंबाखाली दोन मोटरसायकली उभ्या आहेत. माणसं खाली उतरत नाहीत आणि जातही नाहीत.

बुधवारी सकाळच्या एसटीने निघेन. डफडं सोबत आणते. उतरले नाही, तरी तोवर जबाब पोचलेला असेल, हे ध्यानात ठेव.

जीव लावलास, तो तसाच असू दे.
सिंधूआत्या

ता. क. सहीखाली चार बोटं जागा उरली. ती कोरी सोडत नाही. आडव्या रेघांनी भरते आहे, मोजून घे. सात आहेत.