दाढी, मास्क आणि अमूजानचा गुडघा

बुरूजर्द, मेहर महिन्याची अकरा तारीख

आदरणीय अमूजान यांना पुतण्या कियूमर्सचा सलाम, आणि दोन्ही हातांचं चुंबन (लांबूनच, कारण आमच्या वॉर्डात सध्या जवळून काही करायची सोय राहिलेली नाही). तुमचा उजवा गुडघा कसा आहे? डावा त्याला सांभाळून घेतो ना? पिंजऱ्यातली कनेरी गाते का? आमचं विचाराल, तर तुमची भेट नाही एवढं एक सोडून इथे कसलीही तक्रार नाही, असं पत्रात लिहायचं असतं, ते लिहून झालं. आता तक्रारी लिहितो. फार दमलो आहे, त्यामुळे क्रम लागेलच असं नाही.

बाबांना जाऊन एकाहत्तर दिवस झाले आणि तेवढ्याच दिवसांची दाढी माझ्या तोंडावर आहे. महीन म्हणते, नवरा बदलून मिळाला, पण बदलून मिळालेला जास्त कुरकुरतो. एरवी या दाढीने कोणाचं काही बिघडलं नसतं. पण क्षयाच्या वॉर्डात आम्हा नर्सांनी घालायचा मास्क चेहऱ्याला सगळीकडून घट्ट टेकावा लागतो, आणि माझा मास्क चेहऱ्यापर्यंत पोचतच नाही, दाढीवरच मुक्काम करतो. यंदा आमच्याकडे माहरुख खानम नावाच्या नव्या मेट्रन आल्या आहेत, शिराझच्या. रोग्यांचा रोग आम्हाला लागू नये, हे एकच काम त्यांनी अंगावर घेतलं आहे आणि त्या ते आमच्या मानगुटीवर बसून करतात. मास्क घातला की त्या आमच्या डोक्यावर एक पारदर्शक टोपडं चढवतात आणि आत कडू पाण्याचा फवारा मारतात. मास्क नीट बसला असेल तर जिभेला काही कळत नाही. मला कळलं. व्हॅसलीन चोपडून गेलो, तरी कळलं. कडेने चिकटपट्टी लावून गेलो (ती काढताना सुतकाचा काही भाग तिच्याबरोबर निघून गेला, त्याबद्दल बाबांच्या कबरीपाशी जाऊन माफी मागितली), तरी कळलं. दाढ दुखणाऱ्या माणसासारखा आईचा रुमाल हनुवटीखालून डोक्यावर बांधून गेलो, तेव्हा तर रुमालसुद्धा कडू लागला. शेवटी मी सरळ खोटं बोललो की काहीच लागलं नाही. पण माझा डावा डोळा आपोआप मिटला होता, हे मला माहरुख खानमनीच सांगितलं. त्या दिवशी घरी महीनने अक्रोड कुटून, डाळिंबाचा रस आटवून फसंजान केलं होतं. पहिल्या घासाला माझं तोंड वाकडं झालं. मेट्रनच्या फवाऱ्याची गोष्ट तिला तीनदा सांगितली, पण तिचा अजून विश्वास बसलेला नाही.

बरं, दाढी नुसती मास्क अडवत असती तरी निभावलं असतं. ती रोग्यांनाही बिघडवते. कोणी खोलीत आलं की रोग्याने आपला मास्क वर ओढायचा, असा नियम आहे आणि सगळे तो मुकाट्याने पाळतात. फक्त मी गेलो की पाळत नाहीत. मास्कच्या खालून लोंबणारी दाढी दिसली की त्यांना कळतं, याच्या घरी कोणी गेलंय. मग झाकल्या तोंडाने सांत्वन कसं करायचं? तोंड झाकून शोक करणं म्हणजे उघडउघड अपमान. म्हणून मास्क खाली येतो, माझा हात दोन्ही हातांत धरला जातो, आणि चार बोटांवरून देवाच्या दयेची गोष्ट निघते, मधूनमधून खोकून. सात नंबरच्या खाटेवरचे मश्दी यदुल्ला (मेंढपाळ आहेत, मनाने फार चांगले, फुप्फुसाने फार वाईट) रोज सकाळी नव्याने सांत्वन करतात, कारण त्यांना कालचं आठवत नाही. दोन्ही गालांचे मुके घेतात. मी मागे सरकलो की म्हणतात, गरीब बिचारा, दुःखाने माणसांतून उठला. वॉर्डात माझ्याइतका क्षय दुसऱ्या कोणाच्याही तोंडावर थेट येत नसेल.

तुम्ही म्हणाल, मग उतरव दाढी. माहरुख खानमही हेच म्हणाल्या. त्या एरवी मोजकं बोलतात, पण गेल्या आठवड्यात त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाल्या, "कियूमर्स, एक तर दाढी ठेव, नाही तर फुप्फुसं ठेव. दोन्ही ठेवून घेणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही." मी त्यांना सांगितलं की आमच्या लोर लोकांत मुलगा आपल्या हाताने सुतक उतरवत नाही. बापाकडचा वडीलधारा न्हाव्याला घेऊन दारात येतो, पहिला केस तो कापायला लावतो, काळा सदरा उतरवून दुसरा घालतो. तसं न करता गुळगुळीत तोंडाने बाहेर पडलो तर बाजार म्हणेल, बाप जायची वाटच बघत होता. चाळिसाव्या दिवशी सगळे जमले होते. उस्ता हैदर न्हावी पेटी घेऊन आला होता, त्याने वस्तरा दोनदा परजला, तीन पेले चहा घेतला आणि पेटी घेऊन परत गेला. तुमचा निरोप आला होता की गुडघा दुखतो, गाडीचे धक्के सोसवणार नाहीत (तीस वर्षं त्याच गाडीवर गार्ड होतात, पण दुखणं ते दुखणं). दाईजान म्हणाले, मामा झालो म्हणून काय झालं, मी उतरवतो. आई म्हणाली, त्याचे अमू जिवंत असताना नाही.

खरं सांगायचं तर मला भीती वाटते, अमूजान. बाबा याच वॉर्डात अठ्ठावीस वर्षं राहिले, चादरी बदलल्या, थुंकीची भांडी उचलली. मास्क मिळायचा तो हनुवटीखाली बांधायचे. म्हणायचे, तोंड झाकलं तर बिचाऱ्यांना वाटेल मला त्यांची किळस येते. शेवटी ज्या खोकल्याने ते गेले तो कुठून आला हे डॉक्टरांनी सांगायची गरज पडली नाही. मी त्यांच्यासाठी वाढवलेल्या दाढीतून तोच खोकला माझ्यात शिरला, तर मला ते बाबांना सांगता यायचं नाही. महीनला पाचवा महिना आहे. मी सध्या दुसऱ्या खोलीत, खिडकी उघडी टाकून झोपतो. माझी तपासणी अजूनपर्यंत चांगली आली आहे. पुढची शनिवारी आहे.

एवढंच. नुसती खुशाली कळवायची होती, मागणं काही नाही. कनेरीला दाणे घाला, स्वतः वेळेवर जेवा.

तुमचा आज्ञाधारक,
कियूमर्स

ता. क. गुरुवारी सकाळी तुमच्या अंदीमेश्कहून दोरूदला गाडी आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको. दोरूदला स्टेशनवर मी बुरूजर्दला यायला टॅक्सी घेऊन उभा असेन. उस्ता हैदरला सहज सांगून ठेवलं आहे.

ता. क. २. गुडघा खरंच दुखत असेल तर मुळीच येऊ नका. मी वॉर्डात मास्कच्या वर आणखी एक मास्क लावीन. जग काही बुडत नाही.

ता. क. ३. हे आईने लिहायला लावलं आहे. तुमचे जुने सोबती, तिकीट तपासनीस खोदादाद, परवा घरी येऊन गेले. ते म्हणाले, तुम्ही रोज स्टेशनपर्यंत चालत जाता, दोरूदची गाडी सुटेपर्यंत बाकावर बसता आणि चालत परत येता. दाढीने गळा झाकला आहे म्हणाले. आई मला म्हणाली, "त्यांच्याहून मोठं कोणी उरलं नाही, त्यांची कोण उतरवणार? लिही त्यांना, मी त्यांच्याहून चार महिन्यांनी मोठी आहे." लग्नात तिने वय चोरलं होतं. बाबांनासुद्धा शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं. जन्मदाखला काढून तिने चहाच्या समोवारच्या शेजारी ठेवला आहे. माझी तुम्ही उतरवा, तुमची ती उतरवेल. इस्त्री केलेले सदरे दोन आहेत.