दीड मिनिटाचा उजेड

नाशिक, १९ एप्रिल १९९९

तीर्थरूप लंकाबाई आत्यास, गेणूचा डोकं टेकून नमस्कार (हात टेकवत नाही, कारण पुढं येईल). तुझा गुडघा कसा आहे? तांबडी गाय व्याली का? यादव, आईला पत्र वाचून दाखवशील तर सगळं दाखव, पण कंसातलं हळू वाच, अन् ओट्यावर कोणी बसलं असेल तर आधी दार लोटून घे.

आत्या, सोमामामांनी तुला येऊन जे सांगितलं ते खरं आहे, पण तसं नाही. मी भीक मागत नव्हतो. फरशीच्या कामावर माझे तळहात-तळपाय सोलून भेगाळले, हे तू दिवाळीत बघितलंस. सिमेंट खातंय म्हणालीस. इथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा सोरायसिस, लागट नाही, म्हणजे एकाचा दुसऱ्याला होत नाही, सिमेंटनं नुसता वाढला. उपाय काय, तर उजेड! औषध चोपडायचं, अर्धा तास बसायचं, डोळ्यांना काळा चष्मा, मग निळ्या नळ्यांच्या पेटीत हात घालायचे, पायांना खाली दुसरी पेटी. मी म्हटलं, आता तासभर निवांत शेकून घेऊ. तर दीड मिनिटात पेटी बंद. एवढ्यात आपल्याकडं वांगं भाजत नाही! असं आठवड्यातून दोनदा, तीन-चार महिने. अन् सोमामामांच्या आशाशी लग्न पुढच्या महिन्यात. (यादव, हाताचं मी तिला सांगितलं नव्हतं. हे लय हळू वाच.)

मग मी डोकं चालवलं (मी ते चालवलं की काय होतं, तुला ठाऊक आहे). उजेडच पाहिजे ना, मग चैत्राचं ऊन काय कमी आहे? औषधाची बाटली जवळच असते. चांगलं चोपडलं, चष्मा लावला अन् भर दुपारी गोदाघाटाच्या पायरीवर बसलो, पाय पुढं पसरून, दोन्ही तळहात वर. (कामावर मुकादम असं बसू देत नाही.) थोड्या वेळानं एका बाईनं हातात केळं ठेवलं. मी म्हटलं, नाशिकची माणसं मायाळू. मग कोणी पेढा दिला. मग एकानं भाकरी ठेवली अन् म्हणाला, "घे रे आंधळ्या, पोरीच्या लग्नाचा बस्ता बांधून आलोय, आशीर्वाद दे." आवाज ओळखीचा. चष्मा वर केला तर सोमामामा! मी आपलं मानानं म्हटलं, "मामा, बसा ना." त्यांनी माझे हात बघितले, पाय बघितले. "गेण्या? भीक मागतो? अन् वर महारोग?" बस्त्याचं गाठोडं छातीशी धरून असे पळाले, की एक चप्पल माझ्यापाशीच राहिली. काल त्यांचा निरोप आला, लग्न मोडलं.

त्या उन्हानं हात पुरीसारखे फुगले, फोड आले. डॉक्टरीणबाई कडाडल्या, "अरे, पेटी मिनिटं मोजते, सूर्य मोजतो का?" श्यामला सिस्टरनं मात्र माझा हात आपल्या उघड्या हातात घेऊन मलम लावलं. आत्या, खोलीवरची पोरं माझा तांब्या वेगळा ठेवतात. वर्षभरात कोणी असा हात धरला नव्हता. मला रडू आलं, मी म्हटलं मलम झोंबतंय.

आता फोड बसले, पेटी परत चालू झाली. दीड मिनिट म्हणजे दीड मिनिट, मी हू का चू करत नाही. भेगा खरंच मिटायला लागल्यात. बाकी मजेत आहे, माझी काळजी करू नको (थोडी कर).

तुझा भाचा,
गेणू

ता.क. मामांची चप्पल जपून ठेवली आहे. ती न्यायला त्यांना पुढच्या मंगळवारी दवाखान्यात घेऊन ये. चप्पल हे निमित्त. लागट नाही हे सिस्टरच्या तोंडून त्यांना ऐकव. मी सांगायला गेलो तर ते परत पळतील, अन् आता एकच चप्पल उरली आहे.

आणखी एक ता.क. (यादव, हे मोठ्यानं वाच, जमलं तर मामांच्या दारात जाऊन वाच.) भाकरी मी सगळी खाल्ली. मीठ नव्हतं, म्हणजे आशाच्याच हातची. दिवाळीतही ती मीठ विसरली होती. मामांनी ती चार माणसांत याच हातावर ठेवली. आपल्यात दिलेली भाकरी कोणी परत मागत नाही. मग दिलेली पोरगी कशी मागतात?